घरातील कागद



झरी गावी एका शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ चाललेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा घरातील ग्रंथसंग्रह आणि एकंदरीतच संग्रहाचा छंद या विषयावर चार शब्द बोलावेत असे मी ठरविले व तसे चालकांना कळविले. त्यावर त्यांच्यापैकी एका तरुण कार्यकर्त्याने मला जो प्रश्न केला तो इतका सरळ होता की, आजच्या विवेचनाचा आरंभ त्यानेच करणे मला भाग आहे. तो म्हणाला, "सर, ग्रंथसंग्रह हा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातला प्रकार झाला. आमच्याकडे कुडाच्या भिंती, पावसाळ्याचे चार महिने घरात ओल, आणि भाताची कापणी आटोपली की घरातली निम्मी माणसे वीटभट्टीवर नाहीतर वापीच्या कारखान्यात. आमच्या घरात पुस्तके जमवायची कोणी, आणि कशासाठी?"

यांतील 'कशासाठी' या प्रश्नाकडे मी आधी वळतो, कारण त्याचे उत्तर शोधण्यास मला झरीच्या बाहेर जावे लागत नाही.

२३ मे १९४५ हा दिवस. त्या काळी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. त्या दिवशी याच झरी गावात सुमारे पाच हजार वारली माणसे एकत्र आली, आणि येथून पुढे आम्ही वेठ करणार नाही, बारा आणे रोख रोज मिळाल्याखेरीज कोणाच्या शेतावर राबणार नाही, असा निश्चय करून आपापल्या पाड्यांवर परतली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला व त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. हा इतिहास आपणांपैकी अनेकांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे, मी तो आपणांस शिकवावा असा माझा अधिकार नाही. मला त्यातली एकच गोष्ट आज पुढे मांडावयाची आहे. त्या वेळी वारल्याच्या घरात कागद होता काय? नव्हता. कागद होता तो सावकाराच्या पेटीत. लग्नासाठी काढलेल्या पाचपन्नास रुपयांच्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत राहत, लग्नगडी म्हणून त्यांची ओळख होई, आणि त्या कर्जाचा हिशेब ज्या कागदावर होता तो कागद त्यांना कधी वाचता आला नाही, घरी नेता आला नाही, दुसऱ्याला दाखविता आला नाही. त्यांनी कागदाला दिला तो अंगठा, आणि कागदाने त्यांच्याकडून घेतले ते उभे आयुष्य. अशा माणसांच्या नातवंडांना मी आज कागदावर प्रेम करावयास सांगत आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

पण हे केवळ पूर्वीचेच आहे काय? वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ही जमीन आमच्या कसणुकीत आहे हे आदिवासी कुटुंबाने दाखवावे, असे त्या कायद्याने सांगितले. ते दाखवावयाचे कशाने? जुन्या शिधापत्रिकेने, घरपट्टीच्या पावतीने, मतदाराच्या ओळखपत्राने, कोर्टाच्या एखाद्या हुकमाने, आणि बांध, विहीर, जुने झाड यांसारख्या जमिनीवरील खुणांनी. त्या कायद्याच्या नियमांनी वडीलधाऱ्या माणसांच्या लेखी जबानीलाही पुरावा मानले हे उत्तमच झाले. तथापि ज्या घरातील एखाद्या आजीने, अक्षर येत नसतानाही, सरकारी शिक्का दिसेल तो प्रत्येक कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता, त्या घराचे काम किती सुकर झाले असेल याची कल्पना आपण करू शकता. त्या आजीला कोणी संग्राहक म्हटले नाही. मी म्हणतो. झरीतल्या घराच्या ग्रंथसंग्रहाचा पहिला खंड म्हणजे ही पत्र्याची पेटीच होय. आणि जो कागद एके काळी परक्याच्या पेटीत राहून आपल्यावर हुकूम चालवीत होता तो आपल्या पेटीत, आपल्या ताब्यात, आपल्याला वाचता येईल अशा रीतीने राहणे, यासाठी घरात कागद जमवावयाचा. पुस्तक त्याच्या पुढची पायरी.

इतके बोलून मी थांबलो तर व्याख्यान आखूड होईल आणि एकांगीही होईल. कारण छंद हा उपयोगासाठी जडत नाही. उपयोग असता तर त्याला धंदा म्हटले असते! माणूस जमवितो, कारण जमविण्यात त्याला सुख होते. हे सुख आपल्या मुलुखाला परके आहे काय? मला तसे मुळीच दिसत नाही. ज्या वर्षी झरीत ती सभा झाली त्याच १९४५ साली, येथून फार दूर नसलेल्या बोर्डीला, समुद्राच्या काठी, ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे शाळेत न येणाऱ्या मुलांकडे शाळाच गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, तिचे नावही कुरणशाळा असेच पडले. आणि या शाळांतील साधने कोणती? परदेशातून मागविलेली लाकडी ठोकळ्यांची पेटी या बायांना परवडणारी नव्हती, आणि माझ्या मते ती त्यांना हवीही नव्हती. शंख, शिंपले, बिया, पिसे, गारगोट्या, पाने, बांबूच्या कांड्या, जे मूल रानातून येता येता मुठीत घेऊन येईल ते साधन. आता पाहा, आठ वर्षांचे मूल शिंपले गोळा करते आणि संध्याकाळी अंगणात ते मांडून बसते. लहान एका बाजूला, मोठे एका बाजूला; मग विचार बदलतो आणि पांढरे एका रांगेत, तपकिरी दुसऱ्या रांगेत; मग पुन्हा मोडून फुटके वेगळे काढते. हे मूल काय करीत आहे? ते वर्गीकरण करीत आहे. ज्या क्रियेवर सारी ग्रंथालये उभी आहेत ती क्रिया ते कोणी न सांगता करीत आहे, आणि तिच्यात इतके रमून गेले आहे की आईची हाकही त्याला ऐकू येत नाही. संग्रहाचा आनंद म्हणतात तो हाच. वस्तू मिळण्याचा आनंद क्षणभराचा असतो. तिची जागा कोणती, ती कोणाशेजारी शोभेल, तिच्या येण्याने आधीची मांडणी कशी बदलेल, या विचारात मिळणारा आनंद मात्र सरता सरत नाही.

मोठी माणसेही हेच करतात, फक्त अंगण मोठे असते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली दफ्तरे उतरवून घेतली, कोठे मालकांची मनधरणी केली, कोठे बोलणीही खाल्ली. ज्या रुमालांत पेशवाईची पत्रे बांधलेली होती त्यांची रवानगी रद्दीत होण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची ती एक शर्यतच होती. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि पुढे त्या मालेचे एकूण बावीस खंड झाले. राजवाड्यांचा स्वभाव तिखट होता आणि त्यांचे सगळेच सिद्धांत आज कोणी मानीत नाही. पण त्यांनी जमविलेला कागद आजही तितकाच खरा आहे. विद्वानाची मते कालांतराने मागे पडतात, त्याने वाचविलेला कागद मागे पडत नाही, हा राजवाड्यांच्या चरित्रातला मला सर्वांत समाधान देणारा भाग वाटतो.

परंतु ज्या गृहस्थाविषयी मला आज थोडे सावकाश बोलावयाचे आहे ते आपल्याच जिल्ह्याचे. जिल्हा म्हणजे जुना ठाणे जिल्हा. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे कालपरवाच. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांचा व्यवसाय कोणता होता, ठाऊक आहे? मिठाचा. डहाणूपासून खाली साऱ्या किनाऱ्याला मिठागरे परिचित आहेत, तेव्हा हा धंदा म्हणजे काय ते येथे समजावून सांगण्याचे कारण नाही. हा मिठागरवाला तरुण १८९३ साली, वयाची बाविशीही पुरी झाली नव्हती अशा वेळी, स्नेह्यांना जमवून ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करतो. त्या काळी गावोगाव 'नेटिव जनरल लायब्रऱ्या' होत्या. रत्नागिरीचे वाचनालय तर १८२८ सालचे. पण त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी इंग्रजी पुस्तकांना कपाट आणि मराठी पुस्तकांना कोपरा, अशी व्यवस्था असे. मराठी ग्रंथ जमविणे, ते जपणे, हेच ज्याचे प्रयोजन, असे संग्रहालय काढण्याची बुद्धी व्हावी आणि ती मीठ विकणाऱ्या माणसाला व्हावी, यात मला काही विलक्षण वाटत नाही. मीठ आणि ग्रंथ या दोहोंनाही ओल मानवत नाही! विनोद सोडून देऊ. भाव्यांना जुन्या मराठी कवींच्या पोथ्यांचा नाद होता. त्या त्यांनी मिळविल्या, त्यांतील कविता १९०३ पासून 'महाराष्ट्र कवि' या मासिकातून छापल्या, आणि या जमवाजमवीतून, पोथीशेजारी पोथी ठेवून पाहताना, 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास उभा राहिला. म्हणजे आधी फडताळ आणि मग ग्रंथ. इतिहास लिहावयाचा म्हणून त्यांनी पोथ्या जमविल्या असे झाले नाही. जमविता जमविता पोथ्या बोलू लागल्या. या संस्थेच्या स्थापनेच्या वेळी आपले झरीही ठाणे जिल्ह्यातच होते, तेव्हा हे संग्रहालय ज्यांनी आजवर पाहिले नसेल त्यांनी ते आपल्या वडिलोपार्जित मिळकतीपैकी आहे असे समजून एकदा पाहून यावे.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांची तऱ्हा आणखी निराळी. चष्म्यांचे दुकान चालवावे, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहावी, आणि उरलेल्या वेळी जुन्या वस्तू शोधीत हिंडावे. कोणत्या वस्तू? राजेरजवाड्यांचे मुकुट? नाही. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, पानाचे डबे, स्वयंपाकघरातील भांडी, नक्षीचे दरवाजे, मुलांची खेळणी. घराघरांतून भंगारात जाणाऱ्या साध्या जिनसांत कारागिराचा हात त्यांना दिसला. सुमारे वीस हजार वस्तू जमल्या, लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले, आणि पुढे तो सगळा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. मी ते संग्रहालय पाहावयास जातो तेव्हा अडकित्त्यांच्या कपाटापुढे माझा पाऊण तास सहज जातो. सुपारी फोडण्याच्या कामासाठी माणसाने इतक्या आकारांची कल्पना करावी, कोठे पोपट, कोठे घोडा! आपल्याकडे दुधी भोपळ्याचा तारपा, कणसरीच्या पूजेतल्या वस्तू, बांबूची मासे धरण्याची साधने यांचा असा संग्रह कोणी केला आहे काय? परदेशातील संग्रहालयांत आपल्याकडच्या वस्तू पोहोचल्या. झरीत, ज्या घरी तारपा घडविला जातो त्या घरी, जुना तारपा मोडला की चुलीत जातो. एखाद्या शिक्षकाने, एखाद्या कॉलेजातील मुलाने हे मनावर घ्यावे. यासाठी अनुदानाची वाट पाहू नये.

आता पुस्तकांकडे येऊ. घरातील ग्रंथसंग्रहाची गोष्ट निघाली की एका नावावाचून ती पुढे जात नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून परत निघाले, तेव्हा त्यांनी सामान निराळ्या जहाजाने रवाना केले होते; महायुद्ध चालू होते, पाणतीराने ते जहाज बुडाले, आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाच्या भरपाईचे जे पैसे हाती आले त्यांतूनच बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासखर्चाची सोय झाली. विचार करा, ज्याचा संग्रह असा एका क्षणात नाहीसा झाला तो माणूस पुन्हा पुस्तके जमविण्याच्या भानगडीत पडेल काय? बाबासाहेब पडले. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. घरात माणसे राहतात आणि सवडीने पुस्तके येतात, हा सर्वत्रचा क्रम. येथे पुस्तकांसाठी घर बांधले गेले. आणि हे ज्या माणसाने केले त्याच्या आजोबा-पणजोबांच्या घरात पुस्तक असण्याचा संभवच समाजाने ठेवला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तरुण कार्यकर्त्याच्या 'कोणी' या प्रश्नाचे उत्तर मी वेगळे देण्याची गरज राहत नाही.

उरला तो व्यवहार. कोणती पुस्तके घ्यावीत, कोठून घ्यावीत, कशी ठेवावीत?

संच घेऊ नयेत, हे माझे पहिले आग्रहाचे सांगणे. सोनेरी अक्षरांचे दहा खंड हप्त्याने देणारा विक्रेता दारी येतो, फळी एका दिवसात भरते, आणि पुढे वीस वर्षे त्या फळीला कोणी हात लावीत नाही. ती शोभा आहे, संग्रह नव्हे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड मला पूज्य आहेत, पण त्यांची जागा शाळेत किंवा वाचनालयात. घरात एक चांगला शब्दकोश पुरे. आरंभ आपल्या पायाखालच्या भूमीपासून करावा. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यात झरीचे नाव आहे. ज्या पुस्तकात आपल्या गावाचे नाव छापलेले आहे ते गावातील प्रत्येक घरात असावे, ही अपेक्षा जास्त आहे काय? त्याच्या शेजारी अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' ठेवावे. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी के. जे. सावे यांचे वारल्यांवरील १९४५ सालचे पुस्तक आणि १८८२ सालचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर मिळवून वाचावे. मात्र वाचताना हातात पेन्सिल असावी, कारण ही पुस्तके वारल्यांविषयी आहेत, वारल्यांनी लिहिलेली नाहीत, आणि समासात "आमच्याकडे असे नाही" असे लिहिण्याचा अधिकार येथल्या वाचकाइतका दुसऱ्या कोणाला नाही. पुस्तकात लिहू नये असे शाळेत शिकविले जाते. शाळेच्या पुस्तकाला तो नियम योग्यच. स्वतःच्या पुस्तकावर मात्र अवश्य लिहावे.

मुलांसाठी बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे बारा अंक दोऱ्याने शिवून वर पुठ्ठा लावला की वर्षाचा खंड तयार. किंमत अल्प, आणि शिवण्याचे काम मुलाने स्वतः केले तर त्या खंडावर त्याची जी माया बसते ती विकतच्या पुस्तकावर कधी बसत नाही. मोठ्यांना छंदच लावून घ्यावयाचा असेल तर दिवाळी अंकांचा घ्यावा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही चाल महाराष्ट्रात पडली. सगळेच अंक जमवू म्हणणारा लवकर थकतो. एकच नाव धरावे आणि त्याची वर्षे मागे मागे शोधीत जावे. दिवाळीत पूर्ण किमतीला मिळणारा अंक फाल्गुनात रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने मिळतो, आणि नेमके हवे ते वर्ष डहाणूच्या किंवा वापीच्या रद्दीच्या ढिगातून, नाहीतर मुंबईत फोर्टच्या पदपथावर हाती लागते, तेव्हा होणारा हर्ष चेहऱ्यावर दिसू न देणे ही यातली खरी कला आहे. चेहऱ्यावर दिसला की भाव वाढला!

आता ओल. आपल्याकडचा पाऊस पुस्तकांचा वैरी आहे, वाळवी आणि कसर हे त्याचे सरदार. कुडाच्या भिंतीला टेकवून फळी ठेवू नये. चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे वारा खेळतो आणि वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसते. कपाटाचे पाय डब्यांत उभे करून डब्यांत तेल घालावे. जुन्या पोथ्यांत वेखंडाचे तुकडे सापडतात, आपल्याकडे कडुनिंबाचा वाळलेला पाला फुकट आहे. पाऊस सरला की पुस्तके बाहेर काढावीत, झटकावीत, सावलीत वारा द्यावा. उन्हात घालू नयेत, ऊन कागदाला पिवळा करते. दसऱ्याला पाटीपूजन करतोच, त्याच्या आधीचा दिवस या कामाला लावला की विसर पडत नाही. पूर्वीचे लेखनिक पोथीच्या शेवटी वाचकाला विनवीत की, बाबा रे, हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचव. आणि मूर्खाच्या हातात देऊ नकोस, असेही बजावीत. त्या शेवटच्या सूचनेविषयी मी पुढे बोलणार आहे.

पण त्याआधी नोंदीविषयी बोललेच पाहिजे. नोंद नसलेला संग्रह हा ढीग असतो, मग त्यात पाच पुस्तके असोत की पाच हजार. शंकर गणेश दाते या एका माणसाने १८०० ते १९५० या दीडशे वर्षांत छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची सूची दोन थोर खंडांत सिद्ध केली. त्यांच्यापुढे आपली शंभर पुस्तके म्हणजे किती! एक लांब वही घ्यावी, रेघा आखाव्यात, आणि अनुक्रम, पुस्तकाचे नाव, कर्ता, किंमत, कोठून व कोणत्या दिवशी आले हे लिहावे. याच वहीत घरच्या पेटीतील कागदांचीही फेरिस्त असावी: सातबारा, फेरफार, दाखले, पावत्या, दाव्याची पोच. घरात जो सर्वांत धाकटा लिहिणारा असेल त्याच्याकडे हे दफ्तर सोपवावे. बारा वर्षांच्या मुलीला घरातील प्रत्येक कागदाची जागा ठाऊक आहे आणि तलाठ्याकडे जाताना बाप तिला विचारून कागद नेतो आहे, हे दृश्य मला फार आवडेल.

आता एका नाजूक प्रश्नाला हात घालतो. आपल्या घरातील सर्वांत मोठा संग्रह कागदावर नाहीच. धवलेरीला लग्नाची गाणी मुखोद्गत असतात, तारपा वाजविणाऱ्याला चाली, आजीला कथा. ही संपत्ती कशी जमवावी? १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारली पाड्यांवर येऊन कुडावरची चित्रे पाहिली आणि बायकांच्या हाती कागद दिला. याआधी मिथिलेच्या दुष्काळात त्यांनी तेच केले होते. त्याच सुमारास गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे बाहेरच्या जगाला दिसली, देशोदेशी गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे फार मोठे झाले. पण सवासिनींनी लग्नाच्या चौकासाठी भिंतीवर काढलेले चित्र धुराने काळवंडे, पुसले जाई, आणि पुढल्या लग्नाला नवे काढले जाई; कागदावर आलेले चित्र टिकू लागले आणि विकलेही जाऊ लागले, आणि बायकांच्या हातची कला बव्हंशी पुरुषांच्या हाती गेली. लाभ झाला की हानी? मी दोन्ही म्हणतो, आणि दोन्ही एकाच वेळी म्हणण्याची लाज मला वाटत नाही. संग्राहकाचा हात लागला की वस्तू बदलते. म्हणून गाणी उतरवून घ्यावयाची तर घरच्या मुलाने, घरच्या बोलीत घ्यावीत, प्रमाण भाषेत सुधारून नव्हे. गाणारीचे नाव, पाडा, दिवस वर लिहावा. लिहिलेले तिला वाचून दाखवावे. आणि जे गाणे चौकाबाहेर जाऊ नये असे ती म्हणेल ते जाऊ देऊ नये. कविता महाजन यांनी वारली लोकगीतांचे संकलन केले आहे, ते पाहावे आणि त्यात आपल्या पाड्याचे काय नाही ते शोधावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण अवश्य करावे, पण मोबाइल पाण्यात पडतो. वही करावी.

आणि आता मूर्खाच्या हाताची गोष्ट. पुस्तक उसने द्यावे की न द्यावे? पुण्यातल्या कित्येक घरांत "पुस्तक मागू नये" अशी पाटी मी कपाटावर पाहिली आहे, आणि त्या पाटीमागचे दुःखही मला समजते. तरी झरीत ही पाटी लागू नये असे मला वाटते. आपल्या उत्तरेस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा नवसारी प्रांत होता. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणविले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, अशी योजना केली. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. हीच कल्पना २००९ पासून नाशिकच्या विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने 'ग्रंथ तुमच्या दारी' या नावाने नव्याने चालविली. एका पेटीत शंभर पुस्तके, आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल. महाबळेश्वराजवळच्या भिलारला तर ४ मे २०१७ पासून शेतकऱ्यांच्या राहत्या घरांत, ओसरीवर, देवळात पुस्तके मांडलेली आहेत, एका घरी कादंबरी तर दुसऱ्या घरी इतिहास, आणि येणारा जाणारा तेथे बसून वाचतो. भिलारला स्ट्रॉबेरी आहे, पर्यटक आहेत, सरकारचे पाठबळ आहे. आपल्याकडे त्यांतले काही नाही हे मला मान्य आहे. पण पाड्यावरील दहा घरांनी दहा-दहा पुस्तके घेतली तर पाड्याकडे शंभर पुस्तके झाली, आणि एका घराला सोसावा लागला तो दहांचाच खर्च. त्यातली पाचसात दरवर्षी हरवतील. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाबरोबर एखादे पुस्तक भट्टीवर जाईल आणि परत येणार नाही. जाऊ द्यावे. तेथे ते कोणीतरी वाचील.

चालकांनी मला वेळेची आठवण दिलेली आहे, तेव्हा एक कामाची गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. मी येताना काही पुस्तके आणली आहेत, ती मागील बाजूच्या बाकावर ठेवलेली आहेत, त्यांत 'किशोर'चे जुने अंकही आहेत. शेजारी वही आहे. ज्याला जे हवे ते त्याने न्यावे, पण वहीत स्वतःचे नाव, पाडा आणि पुस्तकाचा अनुक्रम स्वतःच्या हाताने लिहूनच न्यावे. परत आणण्याची मुदत मृगाच्या आधीची आहे. मुलांना आधी जाऊ द्यावे, आणि व्यासपीठावरील मंडळींनी कृपया सर्वांत शेवटी यावे.